वरच्या शेताची माती आणि खालचा शेजारी

बांधावरून दोन शेजाऱ्यांत तंटा झाला नाहीं असें वर्ष आपल्या गांवांत क्वचितच जातें. एकानें वीतभर बांध कोरला कीं दुसरा तलाठ्याकडे धांव घेतो, मोजणी मागवितो, आणि वेळ पडल्यास कोर्टाची पायरीही चढतो. परंतु त्याच शेतावरून मृगाच्या पहिल्या दोन सरींत जी माती गढूळ पाण्याबरोबर ओढ्याला जाते तिच्याविषयीं कोणी फिर्याद करीत नाहीं. वीतभर जमीन नेली तर ती चोरी, आणि गाड्याच्या गाड्या माती वाहून गेली तर ती मात्र देवाची करणी, असें आपण मानीत आलों आहों. हा समज खरा आहे काय? ज्याच्या शेतांतून माती जाते तो केवळ दुर्दैवी आहे, कीं कांहीं अंशीं दोषीही आहे? उतारावर झाडेंझुडपें लावून माती राखणें ही हौस आहे, फायद्याचा व्यवहार आहे, कीं कर्तव्य आहे? आणि कर्तव्य असेल तर त्याचा भार कोणीं किती उचलावा? ह्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जें मनुष्याच्या हातीं नाहीं त्याचा दोष मनुष्यावर येत नाहीं. म्हणून माती जाते कशी हें प्रथम पाहिलें पाहिजे. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर पडतो तेव्हां त्याचा वेग सेकंदाला सुमारें ९ मीटर असतो. त्याच्या माऱ्यानें ढेंकूळ फुटतें, मातीचे कण उडतात, आणि त्यांतील बारीक कण जमिनीचीं छिद्रें बुजवून टाकतात. मग पाणी मुरण्याऐवजीं वाहूं लागतें. आरंभीं तें साऱ्या शेतावरून पातळ पदरासारखें वाहतें, आणि वरचा सुपीक थर इतक्या हलक्या हातानें खरवडून नेतें कीं धन्याला तें दिसतही नाहीं. पुढें बोटभर ओघळी पडतात, ओघळींच्या घळी होतात, आणि अखेरीस औत वळवितां येऊं नये एवढा नाला शेताच्या मध्यें पडतो. तेव्हां कोठें धनी जागा होतो. पण तोंवर जें न्यावयाचें तें पाण्यानें नेलेलें असतें.

जेथें गवत, झुडपें व झाडें आहेत तेथें असें होत नाहीं. पानें थेंबाचा मार आपल्या अंगावर घेतात. खालचा पालापाचोळा उरलेला मार सोसतो. मुळें माती बांधून धरतात, आणि जीं मुळें कुजतात त्यांच्या जागीं राहिलेल्या पोकळ्यांतून पाणी खोल उतरतें. गवताचीं थोंबें वाहत्या पाण्याचा वेग मोडतात. वेग मोडला कीं पाण्याच्या खांद्यावरचें ओझें तेथेंच खालीं बसतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. उंच झाड लावलें म्हणजे माती राखली असें पुष्कळांस वाटतें. पण तें तितकेंसें खरें नाहीं. सागाच्या रुंद पानावर पावसाचे लहान थेंब एकत्र येऊन मोठे होतात, आणि आठ-दहा मीटर उंचीवरून खालीं येतांना त्यांना जवळजवळ पुरा वेग येतो. खालचें गवत जाळलेलें असेल आणि पाला झाडून नेला असेल, तर सागाच्या दाट बनांतूनही माती वाहून जाते. झाडाच्या पायाशीं असलेलें गवत, काटेरी झुडूप आणि कुजणारा पाला हेच मातीचे खरे राखणदार होत. समारंभानें खड्डा खणून, हार घालून लावलेलें एक रोप सर्वांना दिसतें. बांधावर आपोआप वाढलेली तरवड आणि हरळी कोणाच्या खिजगणतींत नसते. तरीही पाऊस आला म्हणजे ज्यांचें नांव कोणी घेत नाहीं त्यांच्याच बळावर शेत उभें राहतें.

आतां नुकसानीचें माप पाहूं. इ. स. १९८३ मध्यें देशांतील मृदाशास्त्रज्ञांनीं केलेल्या अंदाजाप्रमाणें भारतांत दर वर्षीं सुमारें ५३३ कोटी टन माती आपल्या जागेवरून हलते. हें प्रमाण सरासरीनें हेक्टरी १६ टनांहून थोडें अधिक पडतें. एक हेक्टर जमिनीवरचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे सुमारें १३ टन माती होय. म्हणजे ह्या सरासरीनें वीस वर्षांत एक इंच थर जातो, आणि उघड्या उतारावर त्याहून पुष्कळ लवकर जातो. उलट, खडकापासून एक इंच माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. बापानें आपल्या उमेदीच्या वीस वर्षांत जें गमावलें तें त्याच्या वंशांत कोणालाही आपल्या आयुष्यांत परत मिळावयाचें नाहीं. आपल्या दख्खनच्या माळावर तर कित्येक ठिकाणीं मुरुमावर हातभरही माती नाहीं. तेथें एक इंच ही लहान रक्कम नव्हे.

ह्यावर शेतकरी म्हणतो, “जमीन माझी आणि नुकसानही माझें. मीं बांधावर झाड लावावें कीं न लावावें हें सांगणारे तुम्ही कोण?” हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. मनुष्यानें स्वतःच्या वस्तूचा नाश केला तर त्याला मूर्ख म्हणतां येईल, पण अन्यायी म्हणतां येईलच असें नाहीं. परंतु येथें वस्तू एकट्याची असली तरी नुकसान एकट्याचें नाहीं. वरच्या शेतांतून निघालेलें पाणी खालच्या शेताचा बांध फोडतें, त्याच्या पेरणीवर रेती व गोटे पसरतें, आणि ओढ्याचा तळ उथळ करून पूर काठाबाहेर काढतें. वर पाणी मुरत नाहीं म्हणून खालच्या विहिरीचा झरा माघांतच आटतो. वरील अंदाजांत असेंही सांगितलें आहे कीं हललेल्या मातीपैकीं शेंकडा सुमारें १० भाग धरणांच्या तलावांत बसतो आणि २९ भाग समुद्रास मिळतो. बाकीचा ह्याच्या शेतांतून त्याच्या शेतांत जाऊन पडतो. धरणांत बसणाऱ्या त्या दहा भागांचा विचार करा. ज्यांनीं धरणासाठीं आपलीं घरेंदारें व पूर्वजांचीं थडगीं पाण्याखालीं सोडलीं, त्यांच्या त्यागाची जागा आपल्या शेतांतला गाळ दर वर्षीं थोडी थोडी बळकावीत आहे. असें असतां “माझें मीच पाहून घेईन” असें म्हणण्यास कोणाचें तोंड राहतें?

“पण पाऊस मीं पाडला नाहीं आणि उतारही मीं केला नाहीं,” असें कोणी म्हणेल. खरें आहे. परंतु उताराला सरळ नांगर धरणें, बांधावरचीं झुडपें उन्हाळ्यांत तोडून चुलींत घालणें, माळ पेटवून देणें आणि पहिल्या पावसापर्यंत जमीन उघडी ठेवणें ह्या गोष्टी तर मनुष्याच्याच आहेत. पावसाचा दोष पावसाला आणि कुऱ्हाडीचा दोष कुऱ्हाड धरणाऱ्याला, ही वांटणी न्यायाची आहे. मुंबई इलाख्यांत इ. स. १९४२ मध्यें जमीन-सुधारणा योजनांचा कायदा झाला तो ह्याच समजुतीवर, कीं पाणी सात-बारा वाचून वाहत नाहीं, आणि म्हणून मातीचें रक्षण एकेका मालकाच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं.

हें न ओळखणारीं राष्ट्रें श्रीमंत असलीं तरी वांचत नाहींत. अमेरिकेच्या मध्यभागांतील विस्तीर्ण गवताळ मैदानें शेतकऱ्यांनीं यंत्रानें नांगरून काढलीं. गव्हाचें पीक आलें, पैसाही आला. पुढें इ. स. १९३० नंतर अवर्षणाचीं वर्षें आलीं आणि गवताची पकड सुटलेली माती वाऱ्यानें उचलली. धुळीच्या वावटळी शेंकडों मैल गेल्या आणि लक्षावधि लोक घरें टाकून देशोधडीस लागले. इ. स. १९३५ मध्यें त्या सरकारला मृदासंधारणाचा कायदा करावा लागला, आणि १९३४ ते १९४२ पर्यंत वारा अडविण्यासाठीं सुमारें २२ कोटी झाडें ओळींनीं लावावीं लागलीं. जें गवत फुकट राखण करीत होतें त्याची जागा भरून काढण्यास एवढा खटाटोप पडला.

येथवरचा विचार सोपा आहे, आणि बहुतेक लेख येथेंच संपतात: झाडें लावा, माती वांचवा. परंतु खरा कठीण प्रश्न ह्यापुढेंच आहे, आणि आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांना तो जवळचा आहे. ज्याला शेतच नाहीं त्याचें काय?

डोंगर व गायरान ह्यांवर झाडें लावावयाचीं म्हणजे कांहीं वर्षें चराई बंद करावी लागते, कारण शेळी कोंवळें रोप वाढूं देत नाहीं. म्हणून गांव ठराव करितें: गायरान बंद. आतां ज्याच्या शेतांत कडबा व बांधावर गवत आहे त्याला हा ठराव जड जात नाहीं. परंतु जिला एक पांड जमीन नाहीं आणि दोन शेळ्यांवर जिचा संसार चालतो अशा विधवेला हा ठराव म्हणजे चूल बंद होय. तिची शेळी हीच तिची पेढी. मुलाच्या दुखण्यांत किंवा मुलीच्या लग्नांत ती तीच विकते. पुढें चार वर्षांनीं डोंगर हिरवा होतो, पाणी मुरतें, आणि खालच्या विहिरी भरतात. विहिरी कोणाच्या? ज्यांचीं शेतें ओढ्याकांठीं आहेत त्यांच्या. म्हणजे झीज सोसली भूमिहीनानें आणि लाभ झाला बागाइतदाराला. माती वांचली हें खरें, झाडेंही वाढलीं हें खरें. तरी ह्या व्यवहाराला न्याय म्हणतां येईल काय?

कित्येक म्हणतात, “एकाला थोडा त्रास झाला तरी सर्व गांवाचें कल्याण होतें.” हें वाक्य ऐकतांना तो ‘एक’ नेहमीं वेशीबाहेरचाच कां असतो, हें विचारण्याचा आपणांस हक्क आहे. कल्याण सर्वांचें असेल तर खर्चही सर्वांचा असला पाहिजे. आणि ज्याची ऐपत अधिक त्यानें अधिक दिलें पाहिजे. चांगल्या कामाचा भार दुबळ्याच्या पाठीवर टाकिला तर तें काम चांगलें राहत नाहीं, आणि बहुधा टिकतही नाहीं. कारण ज्याला त्यांत कांहीं मिळत नाहीं तो रात्रीं शेळ्या सोडणारच.

ह्या प्रश्नाचें उत्तर एका लहान गांवानें दिलें आहे तें सांगण्यासारखें आहे. हरियाणांत शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशीं सुखोमाजरी नांवाचें गुजर लोकांचें गांव आहे. चंदीगड शहरासाठीं इ. स. १९५८ मध्यें बांध घालून सुखना तलाव करण्यांत आला होता. परंतु थोड्याच वर्षांत त्याचा मोठा भाग गाळानें भरून गेला. गाळाचा माग काढीत गेलें असतां तो ह्या गांवाच्या बाजूच्या उघड्या डोंगरांवरून येतो असें आढळलें. तेथें शेळ्यागुरें मोकळीं चरत आणि लाकडें तोडलीं जात. मृदासंधारणाच्या सरकारी संस्थेंतील शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा ह्यांनीं इ. स. १९७० नंतरच्या दशकांत तेथें काम आरंभिलें. उतारावर बांध व चर केले, झाडें व गवत लावलीं. पण गुरें थांबेनात. गांवकऱ्यांचें म्हणणें साधें होतें: शहरचा तलाव वांचावा म्हणून आमचीं जनावरें उपाशीं कां मरावीं?

ह्या प्रश्नाला दंडानें उत्तर देतां आलें नसतें. मग इ. स. १९७६ पासून गांवाजवळच मातीचे लहान बंधारे बांधून तेथलें पाणी तेथल्याच लोकांना देण्यास आरंभ झाला. तेव्हांही प्रथम पाण्याच्या वाटेवर ज्यांचीं शेतें होतीं त्यांचाच लाभ झाला, आणि बाकीच्यांनीं चराई चालूच ठेविली. तेव्हां गांवानें असा नियम केला कीं पाण्यांत प्रत्येक घराचा सारखा वाटा राहील, मग त्या घराला शेत असो वा नसो. आणि ज्याला शेत नाहीं त्यानें आपला वाटा दुसऱ्यास विकावा. ह्या एका नियमानें सारें पालटलें. डोंगरावर मुरलेल्या प्रत्येक थेंबांत भूमिहीनाचाही वाटा झाला, आणि म्हणून डोंगर राखण्यांत त्याचेंही हित झालें. पुढें लोकांनीं शेळ्या कमी करून घरीं चारा घालावयाच्या म्हशी बाळगिल्या, डोंगरावर भाबर गवत माजलें, तें कापून विकण्याचें काम गांवच्या संस्थेकडे आलें, आणि तलावांत येणारा गाळही पुष्कळ कमी झाला.

आपल्या जवळचें उदाहरण हिवरे बाजारचें आहे. अहमदनगर जिल्ह्यांतील (सन २०२४ पासून ह्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर) ह्या अल्प पावसाच्या गांवानें इ. स. १९९० च्या सुमारास चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली, श्रमदानानें डोंगरावर समतल चर खणले आणि झाडें लावलीं. मोकळें जनावर डोंगरावर सोडतां येत नाहीं. पण विळ्यानें गवत कापून नेण्याची मुभा राहिली. ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं त्या गांवानें शेतीसाठीं विंधनविहिरी खणण्यास आणि ऊंस लावण्यासही मनाई केली. शेळी चारणाऱ्याला बांधणारा नियम सर्व गांवें करितात. ज्याला विंधनविहीर खणण्याची ऐपत आहे त्याला बांधणारा नियम फार थोडीं गांवें करितात. बंदी जेव्हां दोघांवर सारखी पडते तेव्हांच तिला धर्म म्हणतां येतें.

दुसरी एक अडचण अशी मांडतात कीं, झाडाचें फळ नातवाला मिळणार. आज पोट भरण्याची भ्रांत असलेल्यानें नातवासाठीं कां झिजावें? पुढच्या पिढीचें आपण काय देणें लागतों? ती तर आपणांस कांहीं देऊं शकत नाहीं. परंतु हा हिशेब पुढें पाहून करावयाचा नसून मागें पाहून करावयाचा आहे. आज आपण ज्या चिंचेखालीं बसतों ती आपण लावलेली नाहीं, आणि जी ताल आजही पाणी अडविते तिचे दगड कोणीतरी आपल्याआधीं वाहिले आहेत. त्यांचें ऋण त्यांना फेडण्याचा मार्ग उरला नाहीं. तें फेडावयाचें तर पुढच्यांनाच फेडतां येतें. मोशेच्या नियमशास्त्रांतही जमिनीला सातव्या वर्षीं विसांवा द्यावा, जमीन कायमची विकून टाकूं नये, आणि वेढा पडला असतांही शत्रूच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये असे नियम आहेत. त्यांचा गाभा हाच कीं जमीन धारण करणारा तिचा कारभारी आहे. आणि धनी परत आला म्हणजे कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो.

तथापि गरिबाला वाट पाहण्यास सांगतांना त्याच्या आजच्या भाकरीचीही आठवण ठेविली पाहिजे. सुदैवानें मातीच्या रक्षणाचें सारेंच फळ उशिरा येतें असें नाहीं. बांधावर लावलेलें मारवेल गवत लवकरच कापणीस येतें. गिरिपुष्पाचा पाला दोन-तीन वर्षांत शेताला खत म्हणून घालतां येतो. सीताफळ व बोर हीं मुरमाड जमिनींतही येतात आणि फार वर्षें थांबवीत नाहींत. निर्गुडी व घायपात ह्यांना शेळी सहसा तोंड लावीत नाहीं, म्हणून जेथें राखण करणें कठीण तेथें त्यांची ओळ आधीं लावावी आणि तिच्या आडोशानें दुसरीं झाडें वाढवावीं. वाळ्याचीं मुळें सरळ खोल जातात आणि दाट ओळ लावली असतां पाण्यापुढें जिवंत बांध उभा राहतो. मात्र ओळ कोणतीही असो, ती उताराला आडवी व समपातळींत असावी. तिरपी लावलेली ओळ पाणी एके ठिकाणीं गोळा करून नवीच ओघळ पाडते.

बियांविषयींही दोन शब्द. कडुलिंबाचें बीं पावसाच्या तोंडीं पिकून पडतें आणि थोड्याच आठवड्यांत त्याची उगवण्याची शक्ति जाते. तें साठवून न ठेवितां ताजेंच टोंचावें. उलट बाभळीचें बीं कठीण कवचाचें असतें, आणि शेळीनें शेंगा खाऊन टाकलेलें बीं लवकर उगवतें. म्हणून जाणते शेतकरी तें शेळ्यांच्या वाड्यांतून गोळा करून पेरतात. जिला आपण झाडांची वैरीण म्हणून डोंगरावरून हांकलतों तीच बाभळीचें बीं पेरण्याजोगें करून देते, हें चराईबंदीचा ठराव करणाऱ्यांनीं विसरूं नये.

येणेंप्रमाणें आरंभीच्या प्रश्नांचें उत्तर असें दिसतें. आपल्या उतारावरची माती आपल्या हयगयीनें खालीं जाऊं देणें हा शेजाऱ्याचा अपराध आहे, मग त्याविषयीं कोर्टांत फिर्याद होवो अगर न होवो. ती राखणें हें कर्तव्य आहे. पण तें ज्याच्या हातीं जमीन आहे त्याचें आधीं आणि ज्याच्या हातीं कांहीं नाहीं त्याचें मागाहून. आणि गांवानें मिळून तें करावयाचें असेल तर पहिलें रोप लावण्यापूर्वीं पहिला ठराव वांटणीचा झाला पाहिजे: कोण किती सोसणार आणि कोणाला काय मिळणार.

उपदेशक बंधूंनो, पाऊस येण्यापूर्वीं आपापल्या गांवीं ही गोष्ट काढा. ग्रामसभेंत गायरान बंद करण्याचा ठराव आला तर त्याला विरोध करूं नका. पण उभे राहून एवढें विचारा कीं, ज्या घरांत शेळ्या आहेत आणि शेत नाहीं त्या घरांना चारा कोठून मिळणार, कापलेल्या गवतांत त्यांचा वाटा किती, आणि झाडें लावण्याची मजुरी प्रथम कोणाला देणार. ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें ठरावांत लिहून घ्या. आणि ज्या बंधूंना थोडें कां होईना शेत आहे त्यांनीं ह्या पावसाळ्यांत बांधावरची तरवड व हरळी न उपटतां राखावी, नांगर उताराला आडवा धरावा, आणि खालच्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन एक ओळ लावावी. ज्याच्याशीं वीतभर बांधावरून तंटा होता त्याच्याबरोबर त्याच बांधावर झाड लावणें ह्यांत मातीही राहते आणि शेजारही राहतो.